कैचीखालचे बर्नारराव

बर्नाररावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी अर्धी चड्डी, पांढरे बूट. हातातली रॅकेट उंच करून ते गोडाऊनच्या कैचीला टेकवायचा प्रयत्न करत होते, आणि खालून आण्णा मुकादम ओरडत होते, "आवं पाव्हणं, उतरा खाली! पोतं फाटलं तर शेठला काय सांगू मी?"

कैची म्हणजे पत्र्याच्या शेडला आतून तोलून धरणारी लोखंडी त्रिकोणी चौकट. कुपवाड रस्त्याच्या त्या गोडाऊनला अशा सात कैच्या होत्या, आणि त्यातल्या तीन बरोबर आमच्या बॅडमिंटन कोर्टावर यायच्या. रॅकेट कैचीला लागली तसा ठण्ण आवाज झाला. बर्नाररावांनी मान हलवली, खाली उडी मारली आणि माझ्यापुढे येऊन इंग्रजीत म्हणाले, "इथे बॅडमिंटन खेळता येणार नाही. अशक्य आहे."

मी हे मराठीत सांगितलं. आण्णा म्हणाले, "त्यांना म्हणावं, आमी चार वर्सं खेळतोय."

मी त्या वेळी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. सांगलीत तेव्हा कुठे परदेशी माणूस दिसला की इंग्रजीच्या मास्तराला बोलावणं यायचं, साप निघाल्यावर सर्पमित्राला यावं तसं. माणूस फ्रान्सचा असला तरी फरक पडत नसे. मला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता आणि बर्नाररावांचं इंग्रजी माझ्या एफ. वाय.च्या पोरांइतकंच होतं. पण आम्ही दोघंही हात भरपूर हलवायचो, त्यामुळे बघणाऱ्यांना आमचं उत्तम चाललंय असं वाटे.

फ्रान्सचा धंदेवाईक बॅडमिंटन खेळाडू सांगलीत कशाला आला, हे आधी सांगतो. त्यांची बायको मादलेन मिरजेला गाणं शिकायला आली होती. शिष्यवृत्ती तिची, बर्नारराव नुसते सोबत. त्यांचा गुडघा दुखावला होता आणि डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली होती. ते दोन महिने संपल्यावर त्यांना सरावाला जागा हवी होती. शहरात एक क्लब होता, चांगलं उंच छत, लाकडी जमीन. तिथल्या सेक्रेटरींनी फॉर्म दिला आणि रहिवासाचा पुरावा म्हणून रेशनकार्ड मागितलं. फ्रान्समधल्या चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूकडे रेशनकार्ड नव्हतं. ते आठ दिवस खेटे घालत राहिले. शेवटी त्यांच्या घरमालकीणबाईंच्या सायकलीच्या दुकानात आमचा मारुती भेटला आणि म्हणाला, "आमच्याकडं या. आमच्यात कार्डबिर्ड काय लागत न्हाई."

मारुती कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. मूळचा आटपाडीकडचा, घरची मेंढरं. लहानपणी गोफण फिरवून त्याचं मनगट असं झालं होतं की त्याच्या स्मॅशपुढे उभं राहायला आम्ही घाबरायचो. गोडाऊनचं कोर्ट ही त्याची आणि आण्णांची कामगिरी. दिवाळीनंतर अर्धं गोडाऊन रिकामं असायचं आणि आण्णांना, म्हणजे तिथल्या हमालांच्या मुकादमांना, रिकामी जागा बघवायची नाही. मारुतीनं कोब्यावर ऑइल पेंटनं पट्टे मारले, आण्णांनी दोन खांबांना जाळी बांधली, आणि जन्मात रॅकेट हातात न धरलेले आण्णा थप्पीवर बसून पंच झाले.

तर बर्नारराव "अशक्य आहे" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दारात हजर. दुसरीकडे जाणार कुठे?

पहिल्या आठवड्यात त्यांचे पांढरे कपडे पिवळे झाले. त्या गोडाऊनमध्ये हवाच पिवळी होती. एक गेम खेळला की भुवयांवर, कानात, मोज्यांत हळद. मी घरी गेलो की बायको विचारायची, "आज कुणाचं लग्न होतं?" गोऱ्या कातडीवर तर तो रंग असा काही बसला की हमाल एकमेकांना सांगू लागले, "पाव्हण्याला हळद लागली, आता अक्षता टाका." बर्नाररावांनी कपडे तीनदा धुतले, चौथ्यांदा नाद सोडला. "चालतंय की," हे त्यांचं पहिलं मराठी वाक्य. आण्णांकडून उचललेलं. त्यानंतर ते कशालाही चालतंय की म्हणायचे. वीज गेली, चालतंय की. शटलकॉकची पिसं झडली, चालतंय की. एकदा गुडघा सुजून वाटीएवढा झाला तेव्हाही तेच. त्या दिवशी मात्र मादलेननं त्यांना फ्रेंचमध्ये जे सुनावलं त्याला दुभाष्याची गरज लागली नाही.

त्यांच्या सवयी विचित्र होत्या असं आम्हाला वाटायचं आणि आमच्या त्यांना. खेळण्याआधी ते पाऊण तास अंग गरम करायचे. दोरीवरच्या उड्या, बैठका, पोत्यांमधून आडवंतिडवं धावणं. आणि प्रत्येक गोष्ट मोठ्यानं मोजायची. मोजल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा पिता येत नसे. हमाल कामावर यायचे ते नेमके या वेळी. आधी ते हसले, मग बघत राहिले, मग त्यांच्यात सामील झाले. पंधरवड्यात अशी अवस्था आली की कुपवाड रस्त्याच्या त्या गोडाऊनसमोर गाडी उतरवताना चौदा हमाल एका सुरात "अं, दू, त्र्वा, कात्र" असं पोती मोजू लागले. शेठ एकदा अचानक आले, दारात थांबले, आणि आण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "मुकादम, ह्यांनी कुठला पंथ घेतला काय?"

आता मुख्य गोष्ट. या माणसाची सगळी कारकीर्द त्या वर्षाच्या एका महिन्यावर टांगलेली होती. एप्रिलच्या शेवटी पॅरिसला निवड चाचणी होती. फ्रान्सच्या संघात जागा तीन. दोघं पक्के होते. तिसऱ्या जागेसाठी बर्नारराव आणि एक वीस वर्षांचा पोरगा. जागा मिळाली तर दोन वर्षांचं मानधन, परदेशच्या स्पर्धा, खेळाडू म्हणून जगणं. नाही मिळाली तर तिशीच्या उंबरठ्यावर खेळ संपला आणि गावच्या शाळेत कवायतीचा मास्तर. "माझ्या देशात बॅडमिंटन म्हणजे लोक बागेत, जेवण झाल्यावर खेळतात," ते मला म्हणाले. "दहा वर्षं मी सांगतोय की हे माझं काम आहे. माझे सासरे अजून विचारतात, पण दिवसभर तू काय करतोस? मला एकदा, एकदाच, त्या संघाचा शर्ट घालून त्यांच्यासमोर जेवायला बसायचंय."

हे सगळं मी चहाच्या वेळी आण्णांना आणि मारुतीला मराठीत सांगितलं. दोघं गंभीर झाले.

"हरलं तर मास्तर?" आण्णांनी विचारलं.

"हो."

"शाळा सरकारी?"

मी विचारून सांगितलं. सरकारी.

"पर्मनंट?"

पर्मनंट.

"पेन्शन?"

पेन्शन होती. आण्णांनी बशी खाली ठेवली. "मग ह्यो येडा जिंकायच्या मागं कशापायी लागलाय? सर, तुमी त्येला समजून सांगा. म्हणावं, गप हर आन् नोकरीला लाग."

मी हे भाषांतर केलं नाही. पण बर्नारराव माझ्याकडे बघत राहिले तेव्हा करावं लागलं. ते इतके हसले की डोळ्यांतून पिवळं पाणी आलं. मग म्हणाले, "अगदी हेच. माझे सासरे अगदी हेच म्हणतात." आणि रॅकेट उचलून मारुतीला बोलावलं.

मारुतीनं त्या दिवशी जे केलं ते मला फार आवडतं. तो आण्णांना म्हणाला, "आण्णा, पेन्शनीचं ऱ्हाऊ द्या. त्येला जिंकायचंय न्हवं? मग आपन जिंकवायचा." तिथून पुढे बर्नाररावांची निवड हे गोडाऊनचं काम झालं.

त्यांच्या रॅकेटची गट, म्हणजे चौकटीत ओवलेली दोरी, तुटली तेव्हा हे दिसलं. सांगलीत कुणाकडे गट ओवायचं यंत्र नव्हतं. मारुतीनं लेथवर एक शिकंजा करून दिला आणि मादलेनच्या तंबोऱ्याला तारा चढवणाऱ्या मिरजेच्या हुसेनचाचांना गळ घातली. चाचांनी रॅकेट मांडीवर घेतली, ओवायला लागले, आणि प्रत्येक दोर नखानं छेडून कान लावून ऐकू लागले. बर्नारराव त्यांना ताण किती पौंड हवा ते सांगत होते. चाचांनी एक हात वर करून त्यांना थांबवलं. "पौंडाचं मला कळत न्हाई साहेब. बाईंची पट्टी मला ठावं हाय. तिच्यात लावून देतो. दोघांच्यात भांडन नको." रॅकेट तयार झाली ती मादलेनच्या षड्जात. त्यांच्या खोलीत ती रियाजाला बसली की भिंतीवर टांगलेली रॅकेट गुणगुणायची असं बर्नारराव शपथेवर सांगत. माझा विश्वास बसला नाही. एवढं मात्र खरं की त्या रॅकेटनं मारलेलं शटल बंदुकीच्या गोळीसारखं यायचं, आणि ते दुसरी रॅकेट हातात घेईनासे झाले.

आणि सगळ्यात मोठा बदल कैचीनं केला.

बॅडमिंटनमध्ये शटल छताला लागलं तर मारणाऱ्याचा पॉइंट जातो. पण तेव्हा पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळायचा; आमच्या छताखाली तो नियम लावला असता तर सर्व्हिस नुसती इकडून तिकडे गेली असती आणि कुणाचाच गेम संपला नसता. म्हणून आण्णांनी स्वतःचा कायदा केला होता: शटल कैचीला लागलं की खेळ थांबवायचा आणि पॉइंट पुन्हा खेळायचा. पुढे पुढे शटल लागेपर्यंत थांबायचीही गरज उरली नाही. ते जाळीवरून उंच निघालं की आण्णा त्याचा रोख बघून आधीच ओरडायचे, "कैची!" आणि खेळाडू तिथल्या तिथे रॅकेट खाली घ्यायचे. एका सेकंदानं वरून ठण्ण ऐकू यायचं. चार वर्षांत आण्णांचा अंदाज चुकल्याचं मी पाहिलं नाही.

याचा परिणाम असा की आमच्याकडे उंच मारण्यात अर्थच नव्हता. सगळा खेळ जाळीला घासून, सरळ, वेगात. बर्नारराव आयुष्यभर उंच टोले मारून वाट बघत खेळलेले. पहिले पंधरा दिवस मारुतीनं त्यांना सडकून हरवलं. एका टर्नरकडून रोज हरून फ्रान्सचा चौथा क्रमांक घरी जायचा आणि मादलेनला सांगायचा, चालतंय की. पण मग त्यांचा खेळ बदलू लागला. मनगट हलकं झालं, पाय जमिनीला धरून राहिले. फेब्रुवारी उजाडला तेव्हा मारुतीला त्यांच्याविरुद्ध पाच पॉइंट करताना घाम फुटत होता.

"गेल्या दहा वर्षांत मी इतका चांगला खेळलो नाही," ते मला म्हणाले. "पण एक भीती आहे. पॅरिसला छत उंच आहे. मी उंच शटल बघणंच विसरलोय. जायच्या आधी मला उंच छताखाली एक सामना हवा. एकच."

मारुतीनं शोधून काढलं की साताऱ्याला नव्या हॉलमध्ये खुली स्पर्धा आहे. त्यानं पत्र टाकलं, बर्नाररावांचं नाव दिलं, फ्रान्सचे खेळाडू वगैरे लिहिलं. तिथेच घोळ झाला. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाला परदेशी माणूस येतोय म्हटल्यावर राहवेना. आम्ही एस.टी.नं साताऱ्याला पोचलो तर हॉलच्या दारात हलगी वाजत होती आणि पाच बायका ओवाळायला उभ्या होत्या. बर्नाररावांना फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि थेट व्यासपीठावर नेऊन बसवलं. अर्ध्या चड्डीवर, शालीसकट. मी शेजारी. समोर खरोखरच सुंदर हॉल. छत इतकं उंच की वरचे दिवे लहान दिसत होते. बर्नारराव हरखून वरच बघत बसले.

अध्यक्ष बोलले, उपाध्यक्ष बोलले, जागा देणाऱ्या गृहस्थांचे थोरले बंधू बोलले. पावणेतीन तास. शेवटी बर्नाररावांनी माझ्या कानात विचारलं, "माझा सामना कधी?" मी अध्यक्षांना विचारलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आवं सर, प्रमुख पाव्हणं खेळत्यात व्हय कुठं? उद्या एखाद्या पोरानं हरवलं तर आमाला तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाई. पाव्हण्यांनी फक्त दोन शब्द बोलावं आन् उद्घाटनाचा टोला मारावा."

मी हे बर्नाररावांना सांगितलं. ते उठले. माईकसमोर गेले आणि फ्रेंचमध्ये चार मिनिटं बोलले. लाल झाले होते. फेट्याचा शेमला मानेमागे थडथडत होता. मधेच त्यांनी नारळ उंच धरला आणि छताकडे बोट केलं. मला शब्द कळत नव्हता, पण अर्थ न कळायला मी काही दगड नव्हतो. ते बसले. सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. अध्यक्षांनी माईक माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "पाहुणे म्हणतात, साताऱ्याच्या मातीतला पराक्रम त्यांनी आज डोळ्यांनी पाहिला. आपल्या तरुणांनी या छताएवढं उंच जावं अशी त्यांची इच्छा आहे."

टाळ्या थांबेनात. बर्नाररावांनी आधी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला साधं एवढं सांगता आलं असतं की या माणसाला एक सामना हवाय, द्या. पाचशे माणसांसमोर हार घातलेल्या अध्यक्षांचं मन मोडायची माझी छाती झाली नाही.

मग उद्घाटनाचा टोला. बर्नारराव शाल काढून कोर्टावर उतरले, शटल हातात घेतलं आणि अंगातल्या सगळ्या रागानं ते उभं वर मारलं. ते वर गेलं, आणखी वर गेलं, दिव्यांजवळ पोचलं आणि कशालाही न लागता सावकाश वळलं. बर्नारराव रॅकेट खाली करून थांबले होते. मान वळवून ते हॉलच्या कडेला कुणाला तरी शोधत होते. आण्णा सांगलीत होते. शटल त्यांच्या पायाशी पडलं तेव्हा ते दचकले. लोकांना वाटलं, फ्रान्सची पद्धत असेल. पुन्हा टाळ्या झाल्या.

मार्चमध्ये नवी हळद आली. थप्प्या वाढत वाढत कोर्टाच्या पट्ट्यांवर चढल्या. शेवटचे आठ दिवस मारुती आणि बर्नारराव पोत्यांच्या बोळात खेळले. मग त्यांचं जायचं ठरलं. मिरज स्टेशनवर आण्णांनी त्यांना पाच किलो हळद दिली. मी म्हटलं, विमानतळावर अडवतील. आण्णा म्हणाले, "आडवू देत की. वास घेऊन सोडत्याल."

मे गेला, जून गेला. जुलैत माझ्या नावानं एक पार्सल आलं. आत व्हिडिओ कॅसेट आणि चिठ्ठी. "सामना पाठवत आहे. सगळ्यांनी मिळून बघा. शेवटपर्यंत बघा." खाली इंग्रजी अक्षरांत चालतंय की. निकालाबद्दल एक अक्षर नाही.

रविवारी दुपारी मारुतीच्या दोन खोल्यांत आम्ही वीस-बावीस जण दाटीवाटीनं बसलो. व्हीसीआर भाड्याचा. कॅसेट लावली तर चित्र काळंपांढरं. दुकानदारानं सांगितलं होतं, तिकडची पद्धत वेगळी, रंग येणार नाहीत. आण्णा टी.व्ही.पासून हातभर अंतरावर बसले होते.

आणि आम्ही आमचा खेळ पाहिला. पॅरिसच्या त्या भव्य हॉलमध्ये बर्नारराव कुपवाड रस्त्याचं बॅडमिंटन खेळत होते. सरळ, जाळीला घासून, पायाला माती धरल्यासारखं. समोरचा पोरगा चपळ होता, पण असलं काही त्यानं बापजन्मात पाहिलं नसावं. पहिला गेम बर्नाररावांचा. दुसरा त्याचा. तिसऱ्यात बर्नारराव चौदा, पोरगा अकरा. तेव्हा पंधराचा गेम असायचा. सर्व्हिस बर्नाररावांची. हा एक पॉइंट घेतला की संघात.

"आमचं मनगट हाय त्ये," मारुती पुटपुटला.

सर्व्हिस झाली. दहा-बारा टोले झाले, एकाहून एक जोरात. पोरगा पार कोपऱ्यात रेटला गेला आणि जीव वाचवायला त्यानं शटल उंच, आडवंतिडवं वर उडवलं.

"कैची!" आण्णा ओरडले.

"कैची!" आम्ही सगळे ओरडलो. मीसुद्धा.

आणि पडद्यावर बर्नाररावांनी रॅकेट खाली घेतली, हात वर केला. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण तो शब्द आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. शटल सावकाश खाली आलं आणि त्यांच्यामागे, रेषेच्या आत पडलं.

पंच गोंधळून त्यांच्याकडे बघत होता. बर्नारराव वर बघत होते. कॅमेरासुद्धा वर गेला. वर काही नव्हतं. नुसतं उंच, रिकामं छत.

तिथून गेम त्यांच्या हातून गेला. पुढचं मी नीट पाहिलं नाही.

"वर काय हुतं वो सर?" आण्णांनी विचारलं.

"काही नव्हतं, आण्णा."

"परत लावा."

परत लावलं. या वेळी कुणी ओरडलं नाही. आण्णांनी टॉवेल तोंडावर धरला होता. संपल्यावर ते उठले, चहा न घेता निघाले, आणि दारात मारुतीला म्हणाले, "मी वरडायला नगो हुतं रं. पाच म्हैनं वरडलो त्येच्या कानात." मला सांगायचं होतं की नुसतं तुमचं नाही, साताऱ्यात मी माझं तोंड उघडलं असतं तर हे झालं नसतं. तेही मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून आण्णांनी कायदा बदलला. कैचीला लागलं तर पॉइंट जाणार, जगात जातो तसा. ते थप्पीवर बसायचे, पण तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. खेळाची मजा गेली. गेम दोन-दोन पॉइंटांवर अडून बसायचे. आम्हाला तक्रार करायचा धीर नव्हता.

दीडेक वर्षानं, डिसेंबरातल्या एका सकाळी, गोडाऊनच्या दारात बर्नारराव उभे राहिले. मादलेनचा नवा तंबोरा न्यायला दोघं आठ दिवसांसाठी आली होती. जरासे सुटले होते. अंगात पांढरा शर्ट. हमालांनी "अं, दू, त्र्वा" म्हणून गिल्ला केला. मारुतीनं मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "पर्मनंट झालासा न्हवं?"

"पर्मनंट," बर्नारराव म्हणाले. "पेन्शन. सासरे लय खूश." आणि इकडेतिकडे बघू लागले. "आण्णा?"

आण्णा थप्पीमागे होते. हाक मारली तरी आले नाहीत. शेवटी मारुती सर्व्हिसला उभा राहिला तसे येऊन आपल्या जागी बसले, मान खाली घालून.

चौथ्या-पाचव्या टोल्याला बर्नाररावांचं शटल वर उडालं. ठण्ण. ते थांबले आणि थप्पीकडे बघू लागले. मारुतीनं गुपचूप शटल उचललं. नव्या कायद्यानं पॉइंट त्याचा होता.

"आण्णा?" बर्नारराव म्हणाले.

"पॉइंट गेला तुमचा, पाव्हणं," आण्णा जमिनीकडे बघत म्हणाले. "आता आमच्यात तसलं काय ऱ्हायलं न्हाई."

मी भाषांतर करायला पुढे झालो. बर्नाररावांनी हातानं मला मागे सारलं. मग ते कोर्टाच्या मधोमध त्या पिवळ्या कोब्यावर पांढऱ्या कपड्यांनिशी मांडी घालून बसले, रॅकेट मांडीवर घेतली आणि वर बोट केलं. मारुती उभा, हमाल उभे, बाहेर गाडी उतरवायची खोळंबलेली. आण्णांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"कैची," शेवटी ते म्हणाले. अगदी हळू.

बर्नाररावांनी कानाला हात लावला.

"कैची!" आण्णा ओरडले आणि टॉवेल डोळ्यांना लावला.

"चालतंय की," बर्नारराव म्हणाले. उठले, ढुंगणावरची हळद झटकली, आणि पॉइंट पुन्हा खेळायला आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.